सांधलेल्या वाट्या

टोबिनच्या दागिने-दुरुस्तीच्या दुकानाची काच आतून धुरकट असे, आणि मार्चमधल्या आयरिश सणासाठी तिच्यावर रंगवलेलं हिरवं तिपानी पान वर्षभर तसंच राही. एका बाजूला न्हावी, दुसऱ्या बाजूला तळलेल्या माशांचं दुकान. पुढे कपडे धुण्याच्या यंत्रांची खोली, औषधांचं दुकान, आणि त्याच्याच एका कोपऱ्यात पोस्ट. हॅलिफॅक्सच्या बंदराकडे उतरणाऱ्या त्या रस्त्यावर आयरिश पणजोबांची आडनावं अजून पाट्यांवर टिकून होती. घड्याळाचा सेल बदलायला, बुटांना तळवा लावायला अनुया इथेच येई. या रस्त्याला कुणाचीच घाई नसे.

आज तिला होती. तिचा नवरा निमिष दुपारच्या विमानाने एडमंटनहून येत होता.

मागच्या हिवाळ्यात मंदीने त्याच्या कंपनीचं इथलं ऑफिस गिळलं. त्याला हजारो किलोमीटर दूर एडमंटनला, तेलाच्या धंद्यातल्या एका कंपनीत काम मिळालं. ती विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत राहिली. 'तात्पुरतं' हा शब्द दोघांनी मिळून निवडला होता. मग फोनवरची वाक्यं एकेक करून गळत गेली, आणि शेवटी विंटर टायर्स, घर तापवणारा फर्नेस आणि तापमान एवढंच उरलं. दोन माणसांमध्ये हवामान उरावं, आणि त्यालाच त्यांनी बोलणं म्हणावं. आता त्याने तिकडे मोठा काँडो-फ्लॅट घेतला होता आणि तिला न्यायला तो येत होता. आणि ती जाणार नव्हती. हे तिला ठाऊक होतं, त्याला नव्हतं.

उन्हाळ्यात एकदा स्वयंपाकघरात कपाटाच्या मुठीत अडकून तिच्या मंगळसूत्राचा दोरा सुटला आणि काळे मणी फरशीभर पांगले. पुण्याहून आई फोनवर म्हणाली, "तुटलं म्हणू नये गं, वाढलं म्हणावं. आजच्या आज ओवून घे." अनुयाने ते ओवलं नाही. मणी एका बशीत ठेवले, आणि दोन वाट्या तळहातावर घेऊन ती बराच वेळ बघत बसली. एक माहेरची, कडेला पोचा आलेली, पिवळसर. दुसरी सासरची, खोल, किंचित तांबूस. तिच्या मनात हळूहळू एक दृश्य तयार झालं: निमिष येईल, ती त्याच्यासमोर त्याच्या घरची वाटी ठेवेल, आणि तो समजेल. एकही शब्द बोलावा लागणार नाही. शब्दांनी त्या दोघांना पुरेसं फसवलं होतं.

परत द्यायची वस्तू निदान स्वच्छ असावी, म्हणून तिने दोन्ही वाट्या टोबिनकडे टाकल्या होत्या. "लग्नातल्या आहेत, नीट करून द्या," एवढंच ती म्हणाली. यांतली एक परत करायची आहे, हे परक्या माणसाला सांगायला तिची जीभ वळली नव्हती.

दाराची घंटा वाजताच टोबिनने चष्मा कपाळावर सरकवला.

"आलीस, डिअर? ये, ये. आज मी स्वतःवर खूश आहे, असं वर्षातून एकदाच होतं. बायकोला विचार."

त्याने मखमली कापड उलगडलं. मधोमध सोन्याचा एक गोल मणी होता. गुळगुळीत, पूर्ण, सुपारीएवढा.

"माझ्या वाट्या?" ती म्हणाली.

"हाच तो. कधीतरी मधून उकलला असणार. दोन अर्धुकं बघितल्याबरोबर ओळखलं मी." त्याने काचेखालच्या एका अंगठीकडे बोट दाखवलं: दोन हात, मध्ये धरलेलं एक हृदय. "आमच्याकडे लग्नात हे, तुमच्याकडे ते. लग्नाचं आहे म्हणालीस ना? मग उघडं कसं ठेवायचं? डाख दिला, घासलं. रंग दोन होते, वरून सोन्याचं पाणी देऊन एक केला. आत लाल-पिवळं काहीतरी साचलं होतं, तेही काढलं."

ते हळदीकुंकू होतं. कित्येक संक्रांतींचं. तिने ते सांगितलं नाही.

"त्या दोनच असतात," ती म्हणाली. स्वर तिला वाटलं होतं त्याहून कोरडा निघाला. "शेजारीशेजारी. एक माझ्या आईवडिलांकडून, एक नवऱ्याच्या. कधीच जोडत नाहीत."

टोबिनच्या चेहऱ्यावरचा उजेड विझला. "अरे देवा. मग मला सांगायचं होतंस, पोरी."

"हो," ती म्हणाली. "सांगायला हवं होतं."

"कापून देतो. आत्ता देतो." त्याने बारीक करवत उचलली, मणी दिव्याखाली धरला आणि थांबला. "पण पत्रा फार पातळ आहे. करवत कुठेतरी खाणारच. एकीची कड शाबूत राहील, दुसरीची जाईल. सांग, तुझी कुठली?"

तिने मणी हातात घेतला. पोचा घासला गेला होता. तांबूसपणा पाण्याखाली बुडाला होता. जड बाजू शोधावी म्हणून तिने तो फिरवला. सगळ्या बाजू सारख्याच जड होत्या. इतकी वर्षं गळ्यात घातलेली वस्तू तिला ओळख देत नव्हती.

"नंतर येते," ती म्हणाली आणि मणी कोटाच्या खिशात टाकून बाहेर पडली. बंदरावरून येणाऱ्या वाऱ्याला मिठाचा आणि तळलेल्या तेलाचा वास होता.

निमिष आला तेव्हा त्याच्या बुटांना बर्फाचा चिखल होता. त्याने ते दाराशी नीट जोडून ठेवले, पाहुण्यासारखे.

"ड्राइव्हवेवरचं बर्फ तूच शोव्हल करतेस? कंबर मोडेल तुझी."

"शेजारचा करतो कधीकधी."

"तिकडे काँडोत ही कटकट नाही. अंडरग्राउंड पार्किंग आहे, हीटेड." तो खुर्चीत बसला. "तू ड्रॉवर्सही रिकामे केले नाहीस अजून. मूव्हर्स मंडेला येतायत, अनू."

तिने चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला आणि कपाशेजारी तो मणी.

"हे काय?"

आता तो समजेल, असं ज्या क्षणाबद्दल तिने महिनोन्महिने कल्पिलं होतं तो क्षण आला होता, आणि त्यात नुसती एक गोल सोन्याची गोटी होती.

"मंगळसूत्राच्या वाट्या आहेत."

त्याने मणी उचलला, आणि त्याला हसू फुटलं. कित्येक दिवसांनी तिने ते हसू पाहिलं. "अगं, याची गोटी कोणी केली? गल्लीत खेळायला?"

"टोबिनने. त्याला वाटलं, तुटलेलं काहीतरी आहे."

"आईला फोटो पाठवू? हार्ट अ‍ॅटॅक येईल तिला." मग हसू हळूहळू मागे सरलं. "पण त्याच्याकडे टाकल्या कशाला होत्यास?"

फर्नेस घरघरत सुरू झाला. वस्तू जे बोलणार होती ते आता तिलाच बोलायचं होतं.

"तुमच्या घरची वाटी तुला परत द्यायची होती," ती म्हणाली. "मी येत नाहीये, निमिष. सोमवारीही नाही, नंतरही नाही."

त्याने मणी टेबलावर ठेवला. वाट्या ठेवल्या जागी राहिल्या असत्या. हा घरंगळला, कपाला वळसा घालून कडेला गेला आणि खाली पडला. दोघांपैकी कुणीच हात पुढे केला नाही.

मग निमिष गुडघ्यांवर बसला. भिंतीलगतच्या हीटरच्या पट्टीखाली हात घालून तो बराच वेळ चाचपत राहिला. त्याच्या डोक्यावरचे केस विरळ झाले होते. हे तिला फोनवर दिसलं नव्हतं. तो उठला तेव्हा त्याच्या तळहातावर सोन्याचा मणी होता, आणि धुळीच्या गुंतवळ्यात अडकलेले दोन काळे मणी.

"हे राहिले होते," तो म्हणाला.

काळे मणी त्याने फुंकून टेबलावर ठेवले. मग तो अंगठ्याच्या नखाने सोन्यावरचा सांधा शोधू लागला. खिडकीपाशी गेला, उजेडात धरला, पुन्हा नख फिरवलं. टोबिनचं काम चोख होतं.

"माझी कुठली यातली?"

"ओळखू येत नाही. आणि कापताना एकीची कड जाईल म्हणतो तो. कुठलीची, ते आपण सांगायचं."

निमिष खिडकीशीच उभा राहिला. बाहेर पुन्हा बर्फ पडायला लागलं होतं, आणि तिने साफ केलेली वाट बुजत चालली होती.

"आज शनिवार. दुकान कधी बंद करतो तो?" शेवटी त्याने विचारलं.

"अंधार पडला की."

त्याने मणी खिशात टाकला, दाराशी जाऊन वाकला आणि अजून न वाळलेले बूट पुन्हा पायांत घालू लागला. अनुयाने खुंटीवरचा आपला कोट काढला.