रिकाम्या रकान्यातलं शून्य

मावशीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात डबा उघडत होते. कशी आहेस, काय आहेस, काही नाही. थेट सुरुवात.

"तुमच्या ऑफिसचा माणूस आलाय. घरामागच्या टेकडीवर उभा आहे, बूट काळे कुळकुळीत झालेत, आणि मला सांगतोय की टेकडी जळलेलीच नाही! नकाशात हिरवी आहे म्हणे. अगं, याला डोळे दिलेत की नुसती भोकं?"

मला हसू आलं आणि लगेच विरलं. तो नकाशा मी केला होता.

वणवा विझला की उपग्रहाचे फोटो बघून कुठली जमीन जळली ते ठरवायचं, हे माझं काम. जळली तर रकान्यात एक, नाही तर शून्य. जिथे एक, त्या उताराखाली पावसाआधी दगडी बांध घालतात. मुळं जळाली की माती धरून ठेवायला काही उरत नाही, सगळा चिखल खालच्या घरांवर येतो. मावशीचं घर अगदी पायथ्याशी. घरात ती आणि अंथरुणाला खिळलेले काका. बांध नाही झाला तर काकांना उचलून पळणार कोण?

डबा बाजूला सारून मी तो फोटो उघडला. टेकडीवर पांढरा डाग. प्रोग्रामने त्याला ढग ठरवलं होतं. कसला डोंबलाचा ढग! फोटो निघाला तेव्हा टेकडी अजून जळत होती आणि तो तिचाच धूर होता. ढगाखालचं दिसत नाही म्हणून रकाना रिकामा, आणि रिकामा रकाना आमचा फॉर्म घेत नाही. महिन्यापूर्वी मी साहेबांना विचारलं होतं, इथे काय भरू? "शून्य टाका आणि पुढे चला," ते म्हणाले. मी टाकलं आणि पुढे चालले. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त धूर, तिथेच आमच्या लेखी काही जळलं नाही!

असे उतार मोजले. एकशे सदतीस.

मावशीचा फोन आणि आकडा, दोन्ही ऐकून साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुमच्या मावशीच्या टेकडीचं तेवढं शून्याचं एक करून टाका. गुपचूप. बाकीचं उकरत बसू नका, नकाशा वर गेलाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि बाकीच्यांची भाची या ऑफिसात नाही, म्हणून त्यांनी चिखलाखाली जायचं?"

"आवाज खाली! नकाशावर सही कुणाची आहे ते आधी बघा."

सही माझीच होती. सांगायला हे, निस्तरायला मी! पण खरं सांगायचं तर राग नुसता त्यांचा नव्हता. पाच दिवसांनंतरचा फोटो आमच्याकडे होताच, लख्ख, धुराचा मागमूस नसलेला. तो कुणी उघडला नव्हता. मीसुद्धा नाही.

संध्याकाळपर्यंत मी एकेक उतार तपासला. नऊ खरंच वाचले होते, बाकी सगळे काळे ठिक्कर. सुधारलेली यादी प्रत्येक गावाच्या नावाने जोडली आणि वर लिहिलं, की चुकीचं शून्य मी भरलं होतं. पाठवण्याआधी मावशीला फोन लावला.

"मावशी, तुझी टेकडी मीच पुसली. न बघता."

पलीकडे काका खोकत होते. त्यांना पाणी देऊन ती फोनवर परत आली.

"आम्ही इथे राहतो हे माहीत होतं ना गं तुला?"

"हो."

"आता नोकरी जाईल?"

"बहुतेक."

"जाऊ दे. पाठव आधी. मी फोन धरून आहे."

मी बटण दाबलं. "गेलं, मावशी."

"आता ऐक," ती म्हणाली, आणि जन्मात पहिल्यांदा तिने मला शिव्या घातल्या. मी फोन कानापासून हलवला नाही.