कुंपणापलीकडची मोहरी

बी चुकून घरी आलं.

दुरुस्ती. चुकून काही आलं नाही. पद्माकरने ते स्वतःच्या कोटाच्या खिशात घालून आणलं, आणि बसमध्ये दोनदा खिसा चाचपून पाहिला.

इंग्लंडात, लीड्सबाहेरच्या एका बियाणं कंपनीत तो शुद्धता तपासायचा. पोत्यात भेसळ किती, शंभर दाण्यांतले उगवतात किती, हे त्याने सही करून सांगायचं, मगच पोतं बाहेर पडायचं. २००१च्या सप्टेंबरात कंपनी जनुक बदललेल्या रेपसीडच्या चाचण्या घेत होती. रेपसीड म्हणजे आपल्या मोहरीची चुलत बहीण. दाणा तसाच काळा, तसाच गोल. तणनाशक फवारलं की बाकी सगळं जळावं आणि हे पीक तेवढं उभं राहावं, ही त्याची करामत. यातला एक दाणाही आवाराबाहेर नेऊ नये, असा कागद प्रयोगशाळेच्या भिंतीवर होता. तो चिकटवणारा पद्माकरच. पण लेकीचं बारसं आलं, दोन दिवस रजा हवी होती, आणि शंभर-शंभर दाणे मोजून ठेवायचं काम राहिलं होतं. मोजायला काय, घरचं टेबलही चालतं. म्हणून पाकीट घरी आलं आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर बसलं.

बारशाला थेट ग्लासगोपासून माणसं आली. सगळ्यांनी ईराचं तोंडभर कौतुक केलं आणि संध्याकाळी पोरीने जे भोकाड पसरलं ते थांबेना. पद्माकरची आई, नंदाताई, सुनेच्या बाळंतपणासाठी पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी मुठीत मीठ घेतलं, फळीवरच्या पाकिटातली मोहरी घेतली आणि नातीची दृष्ट काढली. पुण्यात ती मूठ विस्तवात जाते. इथे विजेची शेगडी. मागच्या खेपेला त्या तव्यावर जाळायला गेल्या, तर छताला लावलेला धुराचा अलार्म असा बोंबलला की शेजारीण धावत आली. म्हणून आता त्यांनी मागचं दार उघडलं आणि मूठ कुंपणापलीकडे भिरकावली. पोरगी गप्प झाली.

पाहुणे गेल्यावर पद्माकरने पाकीट उचललं. हलकं लागलं.

"तुमच्याकडची मोहरी अगदीच बारीक रे," नंदाताई म्हणाल्या. "पण लागू पडली हो."

सोमवारी त्याने फॉर्मवर लिहिलं, ‘उरलेला नमुना नष्ट केला’, आणि खाली सही केली. मिठातलं बी उगवणार नाही असं त्याला वाटलं होतं.

दुरुस्ती. असं त्याला कधीच वाटलं नव्हतं. मूठभर मीठ यॉर्कशरच्या पावसात किती दिवस टिकतं, हे बी उगवून बघण्याचा पगार घेणाऱ्याला कळत नाही होय?

कुंपणापलीकडे कौन्सिलने लोकांना भाजी लावायला दिलेल्या जागा होत्या. त्यातली पहिली स्टॅन बूथरॉइडची. स्टॅन सत्तरीचा, गिरणीतून निवृत्त, एकटा. पद्माकर हे नाव त्याच्या जिभेवर बसेना, म्हणून त्याने आयरिश माणसाला मारावी तशी ‘पॅडी’ हाक सुरू केली आणि तीच राहिली. स्टॅनच्या वाफ्यात स्वीड असायचे, सलगमसारखे मोठे जांभळट कंद. ते बी त्याच्या वडिलांचं. दर चार-पाच वर्षांनी तो चांगले वीस कंद जमिनीत राखायचा, दुसऱ्या वसंतात त्यांना फुलू द्यायचा आणि नवं बी धरायचा. डब्यातलं जुनं बी त्याने सगळं पेरून टाकलं होतं. २००२ हे बी धरण्याचं वर्ष होतं.

मार्चमध्ये त्याने कुंपणालगत तणनाशक मारलं. गवत पिवळं पडलं, खाजरं तण झोपलं. सात रोपं मात्र तरतरीत उभी राहिली. एप्रिलअखेर ती पिवळी फुलली आणि दहा पावलांवर स्वीडही फुलले. दोघांची जात एकच, फुलं एकसारखी, आणि मधमाश्या एकीकडचा पराग दुसरीकडे नेत होत्या.

स्टॅनने पद्माकरला कुंपणाशी बोलावलं. म्हणाला, पॅडी, तू बियांचा माणूस. हे काय उगवलंय? औषधालाही दाद देत नाही.

पद्माकरने पान हातात घेऊन बघितलं. बघायची काहीच गरज नव्हती.

"रानमोहरी," तो म्हणाला. "उपटून टाका."

स्टॅन हसला. एवढ्या माराला पुरून उरलंय तर राहू दे, म्हणाला, माश्यांना आवडतंय.

पद्माकरने पुन्हा सांगितलं नाही. आग्रह केला असता तर त्याने कारण विचारलं असतं. पुढच्या रविवारी स्टॅन चर्चला गेलेला बघून तो कुंपण ओलांडून गेला.

दुरुस्ती. कुंपणापर्यंत गेला. वरच्या फळीवर हात ठेवला. तेवढ्यात शेजारणीने खिडकीतून हात हलवला, यानेही हलवला, आणि केर टाकायला आल्यासारखा परत फिरला. आत आल्यावर बायकोने, सीमाने, विचारलं, काय बघत होतास? तो म्हणाला, हवा.

ऑगस्टमध्ये स्टॅन दारात आला. हातात तपकिरी पाकीट, त्यावर थरथरत्या अक्षरात ईराचं नाव. तिच्या पहिल्या बागेसाठी, म्हणाला. बी यंदा भरघोस आलं होतं. आपल्यामागे ते एकाच वाफ्यात राहायला नको, म्हणून त्याने ते तेवीस जणांना पोस्टाने पाठवलं होतं. बी जपणाऱ्यांची एक मंडळी होती, ब्रिस्टलपर्यंत पसरलेली. हे सांगताना म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला होता की पद्माकरला त्याच्या बुटांकडे बघत ‘थँक यू’ म्हणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी त्याने प्रयोगशाळेत त्यातले शंभर दाणे मोजले. दहा-दहाच्या पुड्या करून ठेचल्या, पाण्यात घातल्या, प्रत्येकीत बदललेलं जनुक ओळखणारी कागदी पट्टी बुडवली. सात पट्ट्यांवर एकच रेघ उमटली. तीन पट्ट्यांवर दोन, म्हणजे त्यांत ते जनुक होतं. त्याने पुन्हा शंभर मोजले. या वेळी चार.

संध्याकाळी तो कुंपणाला वळसा घालून, फाटकातून, स्टॅनच्या शेडमध्ये गेला. उभ्यानेच सगळं सांगितलं. आईची मूठ सांगताना इंग्रजी अडखळलं. दृष्ट म्हणजे काय हे या माणसाला कसं समजवायचं? आणि आईला पुढे करून आपण मागे लपतोय, हेही त्याचं त्यालाच दिसलं. मग त्याने खिसा सांगितला, फॉर्म सांगितला.

 शेवटी स्टॅन म्हणाला, यातले बिघडलेले दाणे हेरून काढता येतील? पद्माकरने मान हलवली. उगवण्याआधी नाही.

"तुला कधी कळलं?"

"एप्रिलमध्ये."

स्टॅन बघत राहिला.

"नाही," पद्माकर म्हणाला. "सप्टेंबरमध्ये. टाकलं त्याच दिवशी."

"आणि मी तुला विचारलं. कुंपणाशी."

"हो."

स्टॅनने बाकावरचे बियांचे डबे एका बाजूला सरकवले. तेवीस नावांची वही, कागद, पाकिटं काढली. त्याचा हात थरथरायचा, म्हणून पेन त्याने पद्माकरपुढे ठेवलं. हे पेरू नका, एवढं लिही म्हणाला. आणि का, ते. खाली सही तुझी, माझी नको.

पद्माकर लिहायला बसला. तिसऱ्या पत्राला स्टॅनने विचारलं, कंपनीला सांगणार?

"सोमवारी."

"काढतील तुला."

"हो."

"बरोबर करतील," स्टॅन म्हणाला, आणि चष्मा सावरून त्याने पुढचं नाव वाचलं. "मिसेस मकाय, ग्लासगो. तिने पेरलंही असेल. तिला आधी फोन कर."