मनिराम बसला की लाईन येते

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात मुर्री गावात लाईन दिवसदिवस गायब असायची. बकऱ्यांचा व्यापारी मनिराम बाजारातून सायकलीने येत होता. दम खायला तो विजेच्या डीपीखालच्या ओट्यावर टेकला आणि गावभर पंखे फिरू लागले. उठला, पंखे थांबले. टेकला, पुन्हा फिरले.

सरपंच टेकचंदने धावत येऊन त्याचे दोन्ही खांदे दाबून धरले. "मनिरामभाऊ, हालू नोको!"

उन्हाळी धानाला पाणी हवं होतं. गावाने ओट्यावर टिनाचं छप्पर घातलं, गादी आणली, कूलर लावला, टीव्ही मांडला. रविवारी मटण. मनिरामला परसाकडे जायचं झालं की टेकचंद आधी दवंडी पिटवायचा, लोक मोटरी बंद करायचे, मगच तो उठायचा.

सुरुवातीला मनिराम खूश होता. अंगावर मांस चढलं, सदऱ्याच्या गुंड्या लागेनात. पण हळूहळू तो येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून बाजाराची खबर विचारू लागला. एकदा कुणाची तरी बकरी ओट्याशी आली. त्याने तिचा जबडा उघडून दात पाहिले आणि तो ढसाढसा रडला.

"सारं भेटून राहिलं तुले," टेकचंद वैतागला. "काऊन रडतोस? कायची कमी हाय?"

"कमी कायचीच नाही जी. पन मी कुठंच नाही जाऊन राहिलो."

आमगावच्या बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, त्याने सायकल काढली. मागे पंखे बंद पडले, लोक ओरडत धावले. मनिरामने वळून पाहिलं नाही.

बाजारात त्याने काहीच घेतलं नाही. झाडून साऱ्या बकऱ्यांचे दात पाहिले, अनोळखी माणसांशी भांडला, गरम भजी खाऊन जीभ पोळून घेतली. परतताना टायर पंक्चर झालं, तर सायकल ढकलत, शीळ घालत आला.

आता मार बसणार, असं त्याला वाटत होतं. पण त्याच्याकडे कुणी पाहिलंच नाही. ओट्यावर त्याची बायको शामकला पाय पसरून बसली होती. लाईन नव्हती. लोक हात जोडून उभे होते.

"वहिनी, आता उठा न," टेकचंद काकुळतीला आला होता. "नाही येत तुमच्यानं लाईन. मनिरामभाऊले बसू द्या."

"येईल. नवरा-बायको एकच असते न? वाट पाहा."

तिला हात धरून उठवायची कुणाची छाती होत नव्हती. न जाणो, खरंच यायची असली तर? लग्न झाल्यापासून शामकला दिवसाउजेडी अशी कधी बसली नव्हती. मनिरामचे डबेही एवढे दिवस तीच आणत होती.

"जेवन?" मनिरामने हळूच विचारलं.

"तांदूळ घरी हाय. शिजवा. माह्यं ताट इथंच आना."

त्याने भात रांधला. जरा करपला. ताट घेऊन आला तेव्हा वाट पाहून गर्दी पांगली होती. शामकलाने करपलेला भातही ताट पुसून खाल्ला आणि ओट्यावरूनच हात धुतले.

"उठतेस का आता?"

"परवा पाहीन," शामकला गादीवर आडवी होत म्हणाली. "उद्या मले कायीच काम नाही."