डाव्या हाताची सही

"मॅडम, आधी एक ठरवा. तुम्ही पर्यटक, विद्यार्थी, का कलावंत?"

प्रेमराजने हे विचारलं तेव्हा दिपमाला अहिरराव मांडीवर हेल्मेट घेऊन बसली होती. सेहेचाळीस वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. लग्नाच्या वेळी स्वयंपाक येतो का एवढंच विचारलं होतं, आणि तेव्हाही उत्तर आईने दिलं होतं.

"यातलं काहीच नाही," ती म्हणाली. "मी शाळेत पीटी शिकवते. संध्याकाळी कराटे."

"ते झालं जळगावात. जपानला तुम्ही कोण, ते विचारतोय मी."

प्रेमराजचं ऑफिस बस स्टँडसमोरच्या संकुलात दुसऱ्या मजल्यावर होतं. रावेर-यावलच्या केळीवाल्यांची मुलं तो जॉर्जियाला डॉक्टर व्हायला पाठवायचा आणि डाळमिलवाल्यांना सहकुटुंब बँकॉकला. जपानच्या ओकिनावा बेटाचं गिऱ्हाईक त्याच्याकडे पहिलंच. तेही पिंप्राळ्यातून, स्कूटीवर आलेलं. त्याने टेबलावर व्हिसाचे तीन कागद पत्ते मांडावेत तसे मांडले.

"हा पर्यटक. नव्वद दिवस. दहा-बारा दिवसांत हातात. कुणी काही विचारत नाही. हा विद्यार्थी. तिथल्या भाषाशाळेत नाव घालायचं, वर्षाचं काम होतं. सकाळी वर्गात हजेरी लावायची, उरलेल्या वेळात तुमच्या लाथा-बुक्क्या. याच्यात माझी माणसं आहेत तिथे, म्हणून मी हाच सांगतो सगळ्यांना. खोटं कशाला बोलू."

"आणि तिसरा?"

"सांस्कृतिक. कला शिकायला वर्षभर राहायचा. हा कुणी घेत नाही. तिथल्या शाळेने तुमच्यासाठी तिथल्या सरकारकडे अर्ज करायचा आणि तुम्ही खरोखर शिकलेल्या आहात हे दाखवायचं. कधी, कुणाकडे, किती वर्षं. सर्टिफिकेटं, आणि तुमच्या गुरूचं सहीचं पत्र. दोन-तीन महिने लागतात, आणि नाही म्हणाले तर वर्ष गेलं."

दिपमालाने तिसरा कागद उचलला.

"विद्यार्थी घ्या ना मॅडम. सोपा आहे."

"मला भाषा नाही शिकायची. मी भाषा शिकायला आले म्हणून सही कशी करू?"

प्रेमराजने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. त्याच्या धंद्यात असली अडचण सहसा येत नसे.

दिपमालाचा कराटेचा वर्ग पिंप्राळ्यातल्या एका मंगल कार्यालयात भरायचा आणि पंचांगावर चालायचा. लग्नाची तिथी असेल त्या दिवशी सुट्टी. नवीन मुलगी आली की तिला पांढऱ्या पोशाखाच्या मापाआधी वर्षभराच्या लग्नतिथी वहीत उतरवून घ्यायला लावत. वैशाखात वर्ग जवळजवळ बंद, चातुर्मासात मुली झपाट्याने पुढे जात. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तळपायांना अक्षता टोचत. दिपमाला सांगायची, तेवढ्यावर पाय रोवता आला तर कुठेही रोवता येईल.

पण वर्गात एक काता होता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी, तो निम्म्यातच संपायचा. डावा पाय पुढे, उजवी मूठ कमरेशी, आणि तिथेच मुली थांबून वाकून नमस्कार करत. बघणाऱ्यांना वाटे, एवढाच आहे. तो एवढाच नव्हता. दिपमालाचे सर, तेरसिंग पावरा, तेव्हा धुळ्यात क्रीडाशिक्षक होते आणि त्यांनी तो पुण्याच्या एका शिबिरात ओकिनावाहून आलेल्या म्हाताऱ्या गुरूंकडून शिकला होता. चौथ्या दिवशी गुरू आजारी पडले. उरलेला पुढच्या वर्षी, म्हणाले. पुढच्या वर्षी ते आले नाहीत, नंतर गेल्याचंच कळलं. तेरसिंग सरांनी उरलेला भाग मनाने जोडला नाही. येतं तेवढं शिकवलं आणि तिथे नमस्कार घातला. तीस वर्षं धुळे-जळगावात तो काता डाव्या पायावर उभा आहे.

गुरूंची ओकिनावातली कराटे शाळा आता त्यांचा मुलगा चालवत होता. दिपमालाने मोबाइलवर भाषांतर करून त्याला पत्र धाडलं आणि आपला निम्मा काता व्हिडिओ काढून पाठवला. उत्तर आलं, वर्षभर या. तीन महिने पुरणार नाहीत का, या प्रश्नावर त्याने लिहिलं होतं, तीन महिन्यांत तुमच्या चुका काढून होतील.

"तीन महिन्यांचं काय वाईट आहे?" तिच्या नवऱ्याने, योगराजने, रात्रीच्या जेवणाला विचारलं. तो ठिबकच्या पाइपच्या कारखान्यात सुपरवायझर होता आणि कशालाही थेट नाही म्हणायचा नाही. पाण्याचा दाब कमी करत आणावा तसा तो माणसाला खाली आणत असे. "उन्हाळ्याची सुट्टी धर, पुढे थोडी रजा. वर्षभर बिनपगारी म्हणजे शाळाही तोंड वाकडं करेल."

"शाळेने दिलीये रजा."

"दिली?" त्याने भाकरीचा तुकडा तसाच धरला. "मला नाही सांगितलंस."

"दिली तर सांगू म्हटलं. नाही दिली असती तर सांगण्यासारखं काही नव्हतंच."

"आणि माझं जेवण?"

"तुम्हाला कळण्याची भाकरी माझ्यापेक्षा चांगली येते. तुम्हीच सांगता पाहुण्यांना."

योगराज हसला. ते खरंच होतं. थोडा वेळ दोघं जेवत राहिली. मग तो म्हणाला, "गुडघे बघ तुझे. वर्षभर टिकतील?"

"म्हणून तर आत्ता," दिपमाला म्हणाली.

रविवारी ती पहाटेच्या एसटीने धुळ्याला आणि तिथून साक्रीमार्गे पिंपळनेरला सरांच्या घरी गेली. पिशवीत प्रेमराजने इंग्रजीत टाइप करून दिलेलं पत्र होतं. दिपमाला अहिरराव अमुक सालापासून माझी शिष्या आहे, तिचा सराव मी स्वतः पाहिला आहे, वगैरे. खाली सहीची जागा मोकळी. शिवाय शाईचा पॅड होता. सरांना दिवाळीत लकवा झाल्याचं ऐकल्यावर तो प्रेमराजनेच दिला होता. "अंगठा घ्या, दोन साक्षीदार घ्या, विषय संपला. जुन्या सर्टिफिकेटांवर त्यांच्या सह्या आहेत. आता वेगळी सही गेली तर तिकडे संशय घेतील. अंगठ्याला कुणी काही म्हणत नाही."

सरांची बायको, बेबाबाई, अंगणात चिंचा फोडत होती.

"ये माय. इतली लांबथीन उनी, पहिले पानी पी."

सर ओट्यावर खुर्चीत होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता, म्हणजे कुणीतरी ठेवला होता. एकेकाळी ते सत्तर मुलींच्या ओळीतून चालत आणि कुणाची टाच उचललेली आहे ते पाठीमागून ओळखत. आता शब्द जरा घसरत येत होते, पण येत होते.

त्यांनी पत्र दोनदा वाचलं. "'स्वतः पाहिला आहे' हे ठीक. मधली वर्षं पाहिलेला नाही. ती मुलं-बाळं झाली तेव्हाची."

"तेव्हा मी गच्चीवर करायचे. वाळवणाच्या वेळी."

"मग तसं लिही. गच्चीवर."

तिने पत्राच्या समासात तसं लिहिलं. मग पिशवीतून पॅड काढून ओट्यावर ठेवला.

सरांनी पॅडकडे पाहिलं. "हे काय?"

"अंगठ्यासाठी, सर. म्हणजे, प्रेमराज म्हणून एजंट आहेत, ते म्हणाले..."

"नाही."

"लई ल्या ना अंगठा," बेबाबाई चिंचा फोडताफोडता म्हणाली. "डावा हात बठ्ठा चांगला शे. मानूसना डावाच अंगठा लेतस." मग सरांकडे मान उडवत दिपमालाला, "त्या ऐकतस नही. लकवा हातले झाया, डोकाले नही."

सर हसले नाहीत. "माझ्या बापाने जन्मभर अंगठा दिला," ते म्हणाले. "जंगलखात्याच्या कागदावर. दवाखान्याच्या कागदावर. कशावर दिला ते आम्हाला नंतर कळायचं. मी पहिलीत सही शिकलो तेव्हा त्याने पाटी उचलून अख्ख्या पाड्यात फिरवली. माझी पेन्शन अडलीये सहीसाठी तीन महिने. तिथे नाही दिला. इथे देऊ?"

दिपमालाचा हात पॅडवरच राहिला. तिला अंगठा हवा होता. पॅडचं झाकण उघडलं की दहा सेकंदांचं काम, आणि वर्ष तिचं. तिने सरांचा डावा हात पाहिला. तो खरंच चांगला होता.

"पेन दे," सर म्हणाले. "आणि रद्दी."

त्यांनी डाव्या हाताने पहिला 'ते' काढला तो मात्रेसकट आडवा पडला. दुसरा पेपरच्या कडेवरून ओट्यावर गेला. दिपमालाने पेपर धरून ठेवला. मुलींना पहिला ठोसा शिकवताना ती कधी हात धरत नाही. कोपर कुठे जातंय ते सांगते आणि गप्प बसते. सरांनीच तसं शिकवलं होतं. ती पेपर धरून गप्प बसली.

अकरा वाजता 'ते' उभा राहिला. बारापर्यंत 'र' झाला. बेबाबाईने आतून हाक मारली, "आते जेवी ल्या दोन्ही जन." सरांनी डाव्या हाताने वरण-भात खाल्ला आणि हात पुसून पुन्हा पेन घेतलं. 'सिं'ने फार त्रास दिला. वेलांटी काढली की अनुस्वार राहून जायचा, अनुस्वार दिला की वेलांटी कुठल्या अक्षराची तेच कळेना.

"ही जुळणार नाही," मध्येच ते म्हणाले. मान वर न करता. "जुन्या सहीशी."

"माहीत आहे, सर."

"तुझं वर्ष जाईल."

"जाऊ शकतं."

"मग ते तीन महिन्यांचं घे. त्याला माझी सही लागत नाही."

"तीन महिन्यांत चुका निघतील फक्त," ती म्हणाली. "तुमच्या आणि माझ्या. उरलेला काता तिथेच राहील."

सरांनी पेन थांबवलं. म्हणाले, "शिबिरात चौथ्या दिवशी मी गुरूंना डॉक्टरकडे नेलं होतं. रिक्षात. विचारलं असतं तर त्यांनी बसल्या बसल्या हातानेच दाखवला असता. पण आजारी माणसाला काय विचारणार." आणि पुन्हा रद्दीवर वाकले.

दिपमालाने पॅड उचलून पिशवीत टाकला.

साडेतीनला त्यांनी पत्र मागितलं. सही पूर्ण व्हायला सहा मिनिटं लागली. मोकळी सोडलेली जागा पुरली नाही, आडनाव खालच्या ओळीत उतरलं. सर खुर्चीत मागे टेकले. कपाळावर घाम होता. दिपमाला उठली, दोन पावलं मागे सरकली आणि वर्गाच्या शेवटी वाकतात तशी वाकली. सरांनी बसल्या बसल्या मान तेवढीच झुकवली. बेबाबाई दोघांकडे बघून म्हणाली, "चहा ठेवू का?" आणि ठेवायला गेली.

मंगळवारी प्रेमराजने पत्र पाहिलं आणि चष्मा कपाळावर ढकलला.

"मॅडम. मी पॅड दिला होता ना."

"परत आणलाय." तिने तो टेबलावर ठेवला.

त्याने जुनं सर्टिफिकेट शेजारी धरलं. तिथली सही एका झटक्यात मारलेली, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. "ही त्या माणसाची आणि ही दुसऱ्या माणसाची. मी ओळखतो तुम्हाला, म्हणून ठीक. तिकडचा माणूस काय समजेल? अजून वेळ आहे. परत जा, अंगठा आणा. नाहीतर तीन महिन्यांचं आत्ता बसल्या बसल्या भरतो."

"हेच पाठवा."

"नाकारलं तर?"

"तर नाकारलं. मी सोबत लिहून देते, उजवा हात गेलाय म्हणून. डॉक्टरचा कागद आहे."

"आणि परत अर्ज करायला पुढचं वर्ष."

"हो."

"तेव्हा तुम्ही सत्तेचाळीसच्या."

"तेवढं येतं मला," दिपमाला म्हणाली.

प्रेमराजने सुस्कारा टाकून कागद स्कॅनरवर पालथा घातला. पडद्यावर पत्र उमटलं. वरची टाइप केलेली इंग्रजी ओळीत सरळ, समासात दिपमालाच्या अक्षरातली 'गच्चीवर', आणि खाली डावीकडून उजवीकडे चढत गेलेली सही.

"वाकडी आहे. सरळ करू? एका क्लिकवर होते."

"राहू द्या."

तो सही मोठी करून बघत बसला. दिवसाला तो पन्नास तरी सह्या बघायचा. त्या बघायच्याच असतात, जुळतात का तेवढ्यापुरत्या. त्याचं बोट पडद्यावर पहिल्या अक्षराशी गेलं.

"तेर... सिंग," त्याने वाचलं. मग खालच्या ओळीत उतरून, "पावरा."

"हो," दिपमाला म्हणाली.

प्रेमराजने तिसऱ्या रकान्यावर खूण केली आणि अर्ज तिकडच्या शाळेकडे पाठवून दिला.