खडीसाखरेची पुडी

ह्यांच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली होती. सात आठवडे किरणांनी गळा शेकला, आणि देवाच्या कृपेनं ती विरघळली. "गाठ गेली" हे कानावर पडलं त्या दिवशी मी देवापुढे नुसती बसून राहिले. मागायला काही उरलंच नव्हतं. पण माणसाचं मन मोठं लबाड! आठवडाभरातच माझं मागणं पुन्हा सुरू झालं: देवा, आता आवाजही दे.

चाळीस वर्षं आमच्या घरी दिवस उजाडला तो ह्यांच्या पदानं. हे वरच्या स्वरावर गेले की फळीवरचं स्टीलचं भांडं बारीक कंप पावायचं. आता फळी मुकी झाली होती. किरणांनी ह्यांची लाळ पार आटलेली, शब्द टाळूला चिकटायचा. जबडाही आखडलेला. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आइस्क्रीमच्या काड्या दिल्या होत्या. त्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, जमेल तशी एकेक वाढवायची. सतरा मावल्या की तोंड पुरतं उघडलं. सुरुवात अकरापासून झाली. शिवाय मीठ-सोड्याच्या गुळण्या, आणि रोज दातांच्या मापाच्या साच्यात औषध भरून पाच मिनिटं गप्प बसणं.

एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली! गाणारा माणूस गालात खडीसाखर धरतो, हेही आयुष्यभर धरत आले. मी गुपचूप ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात पुडी ठेवायला लागले. संपली की भरायची.

परवा तपासणीला गेलो.

"काका, काड्या किती?"

"चौदा."

"अरे वा!" म्हणत बाईंनी आरसा आत घातला आणि हसू मावळलं. "गोड काय चाललंय?"

"गोड? अहो, जेवणच घशाखाली उतरत नाही."

"मग चार दातांच्या मुळाशी ही तपकिरी कडी कसली?"

हे छताकडे बघायला लागले. ह्यांना खोटं कधी धड जमलंच नाही. शेवटी मीच खिशात हात घालून पुडी काढली. "माझंच काम आहे हे. आवाज लवकर सुटेल वाटलं."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या. "काकू, लाळ असती तर तिनं साखर धुऊन नेली असती. आता ती तिथेच बसून दात पोखरते. आणि शेकलेल्या जबड्यातला दात काढावा लागला तर जखम भरेलच असं नाही, हाडच सडू शकतं. म्हणून तर उपचारांआधीच मी ह्यांचे तीन दात काढून घेतले होते."

माझ्या हातातली पुडी एकदम जड झाली.

"आत्ता आलात म्हणून दात भरून निभावेल," त्या म्हणाल्या.

"आणि गाणं?" हे तोंड उघडं ठेवूनच बोलले.

"दात आणि जबडा मी राखीन, काका. लाळेचं वचन नाही देत. तोवर पाण्याचे घोट घ्या. पुढचं तुम्ही ज्याच्याजवळ मागता, त्याच्याजवळ मागा."

रस्त्यात हे मला म्हणाले, "खजिनदार बाई, पुडी टाका त्या कचरापेटीत."

टाकली.

"तुला एवढी घाई होती?"

"तुम्हाला नव्हती?"

ह्यांनी बाटलीतून पाण्याचा घोट घेतला आणि माझा हात धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे साचे चढवून बसले. पाच मिनिटं ह्यांना बोलायची सोय नाही. मला काय वाटलं कोण जाणे, देवापुढे उभी राहिले आणि ह्यांचं पद मीच सुरू केलं. माझा आवाज म्हणजे कुरकुरणारं दार! दुसऱ्या ओळीला ह्यांच्या कपाळावर आठी, तिसरीला बोटं मांडीवर आपटायला लागली. मी ताल सोडला होता. मुद्दाम नाही, देवाशपथ.

घड्याळ वाजलं. ह्यांनी साचे काढले, थुंकले, आणि डोळे वटारून म्हणाले, "अगं, पदाचा खून करतेस!"

"मग दाखवा म्हणून."

ह्यांनी तोंड उघडलं. चौदा काड्यांएवढं. पहिली ओळ निघाली, कोरडी, खरखरीत, पण तालात. दुसरीही. मग ती वर चढायची जागा आली. हे तोंड उघडं ठेवून थांबले. मीही थांबले. तो स्वर आला नाही.

आम्ही दोघांनी फळीवरच्या भांड्याकडे पाहिलं. ते स्तब्ध होतं.

"तेवढी जागा सोडून पुढचं म्हणू," हे हळूच म्हणाले. "त्याची आहे ती. द्यायची तेव्हा देईल."

आम्ही जागा सोडली आणि पुढची ओळ धरली.