चाकण सोडू नको

रात्रपाळी संपवून नागसेन सकाळी कुरुळीच्या खोलीवर आला, तेव्हा कॉम्प्युटर चालूच होता आणि पडद्यावर चाकणच्या किल्ल्याला मोगलांचा वेढा पडलेला होता. गणराजने खेळ तिथेच थांबवून ठेवला होता, नेहमीसारखाच.

दोघे एकाच कंपनीत, एकाच लाईनवर, पण बारा-बारा तासांच्या उलट्या पाळ्यांना. खोली एक, खाट एक आणि खेळातलं राज्यही एकच. एक कामावर गेला की दुसऱ्याने राज्य सांभाळायचं. उत्तरेत मोगल, दक्षिणेत आदिलशाही, समुद्रावर सिद्दी. तिन्ही आघाड्यांची खबर कंपनीतल्यासारखी हँडओव्हरच्या वहीत लिहायची आणि खाली देणार, घेणार अशा सह्या. भेट काय ती रविवारी. पण एका ताटात जेवणाऱ्यांचीसुद्धा एवढी दोस्ती नसते.

आज वहीत लिहिलं होतं : ‘दक्षिणेत तह केला. कोकणात गलबतं कमी, जपून. चाकणचा दाणागोटा संपत आला. तरी चाकण सोडू नको, राव.’

दारात घरमालकीण सरूबाई येऊन उभी राहिली.

"गणराज गेला की रं हिंगोलीला. पहाटंच्या गाडीनं."

"गेला? का?"

"कंपनीनं ब्रेक दिला म्हनं, कामावरनं काढलं. तुला ठावं न्हाई व्हय?"

नागसेन खाटेवर बसला. तो कायम, गणराज कंत्राटी. मागच्या आठवड्यात साहेबाने नागसेनला विचारलं होतं, लाईन एक माणूस कमी करून चालेल का? आणि हा पठ्ठ्या छाती फुगवून म्हणाला होता, "चालेल साहेब." साहेबाला दुसरं कोण काय म्हणतं? कोणता माणूस, हे विचारायचं सुचलंच नाही. खोलीवर आल्यावर सुचलं. वहीत सगळं लिहिलं, तेवढं मात्र लिहिलं नाही.

चहासुद्धा न घेता तो खेळायला बसला. निदान हे चाकण तरी राखू. कोकणातली फौज घाटावर चढवली, तर सिद्दीने मोकळा किनारा बघून दोन ठाणी घेतली. दक्षिणेतलं घोडदळ उचललं, तर आदिलशाहीने तह मोडला. इकडे ठिगळ लावावं तर तिकडे फाटायचं. अकराच्या सुमाराला बुरूज ढासळला आणि चाकण गेलं. मागे जाऊन पुन्हा खेळता आलं असतं, पण तसं करायचं नाही हे दोघांचं ठरलेलं होतं. कंपनीत कुठे पाळी मागे फिरवता येते?

तेवढ्यात गणराजचा फोन आला. मागे एसटीची घरघर होती.

"झोपमोड केली का भाऊ?"

"नाही रे. गणराज, ऐक, मला तुला एक..."

"ऱ्हाऊ दे. वाईट नको वाटून घेऊ. तुला इचारलं असतं ना साहेबानं, तर माझं नाव यादीत आलंच नसतं. पण आपल्याला कोण इचारतं?"

नागसेनने पडद्याकडे पाठ केली.

"चाकण हाय ना?" गणराजने विचारलं.

"आहे. दाणागोटा पोचला."

"मंग झालं. सोडू नको."

फोन ठेवून नागसेनने वही पुढे ओढली. ‘चाकण गेलं,’ त्याने लिहिलं. ‘साहेबाने मला विचारलं होतं. मी चालेल म्हणालो.’ देणारच्या जागी सही केली. घेणारची जागा कोरीच राहिली. मग त्याने वही कीबोर्डवर उघडी ठेवली, नेहमीसारखी, संध्याकाळी कामावरून येणाऱ्याला दिसेल अशी.