चोपण फोडणारी पहार

मी एक जुनी पहार आहे. मित्रांनो, नाव ऐकून नाक मुरडू नका. माझा जन्म एका ट्रकच्या मोडक्या आक्सलातून, म्हणजे चाकांच्या दांड्यातून झाला. उमरग्याच्या हमरस्त्यालगत एका लोहारानं मला भट्टीत लाल केलं, ठोकून टोक काढलं आणि मुरूम गावाजवळ शेती करणाऱ्या महांतप्पांच्या हाती दिलं. त्याला बावीस वर्षं झाली. किती मांडवांसाठी खड्डे घेतले, किती धोंडे उलथले! काम असलं की "पहार कुठाय?" आणि काम झालं की गोठ्याचा कोपरा. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

महांतप्पांच्या शेतात अंगणाएवढा एक चोपण तुकडा होता. चोपण म्हणजे खारानं पांढरी पडलेली जमीन. उन्हाळ्यात ती दगडासारखी होते आणि तिच्यात गवतसुद्धा उगवत नाही. गावातले लोक हसायचे, म्हणून महांतप्पांनी तिच्यावर काळी माती पसरायचं ठरवलं. ट्रॅक्टरही सांगून ठेवला.

नेमक्या आदल्या दिवशी शिवरंजनीताई आल्या. त्या उमरग्याच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात. जखमा चिघळवणारे काही जंतू आता जुन्या औषधांना दाद देत नाहीत. त्यांना आवरणारा जिवाणू ताई शोधत होत्या. जिथं कुणीच जगत नाही तिथं जो जगतो, त्याच्याजवळ काहीतरी वेगळं अस्त्र असणार, असं त्यांचं म्हणणं. सहा वर्षं खारवट जमिनी पालथ्या घातल्या, हाती काही लागलं नव्हतं. हा त्यांच्या यादीतला शेवटचा तुकडा होता.

पण तिथं पोचताच त्या थबकल्या. महांतप्पांच्या बायकोनं, शांताक्कांनी, ती जागा बघायला पाहुणी येणार म्हणून सकाळीच तिच्यावर शेणाचा सडा घातला होता. वर रांगोळीही! एक कोपरा सोडला नव्हता.

"अक्का, शेणात कोट्यवधी जिवाणू असतात. आता मातीतले कुठले आणि शेणातले कुठले, कसं ओळखू?"

शांताक्कांचा चेहरा उतरला. "अय्यो! म्या तर तुमच्या मानापायी केलं. लई मोठी चूक झाली बघा."

महांतप्पा मात्र गालातल्या गालात हसले. "म्याडम, ह्या जमिनीची खोड मला ठाव हाय. पाणी पीतच न्हाय ती. सडा वरच्या वरच वाळला असंल. खाली उतरून बघा की."

ताईंचे डोळे चमकले. खोऱ्यानं वरचा थर बाजूला सारला. कुदळ मारली, तर ती टणकन उडाली. मग माझी आठवण झाली! बाहेरचे जंतू आत जाऊ नयेत म्हणून ताईंनी माझ्या टोकाला स्पिरिट लावून पेटवलं. बावीस वर्षांत मला अशी अंघोळ कुणी घातली नव्हती. मग महांतप्पांनी मला उचललं आणि मी त्या खडकासारख्या मातीत इंच इंच शिरले. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला माझा फार अभिमान वाटला.

हातभर खाली माती कोरडी ठणठणीत निघाली. ताईंनी ती निर्जंतुक चमच्यानं बाटलीत भरली. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर दारात आला, तेव्हा महांतप्पा म्हणाले, "आता नगं. म्याडमचं उत्तर येऊ दे."

आठ महिन्यांनी ताई धावतच आल्या. मोबाइलवर एका काचेच्या बशीचा फोटो होता. बशीभर जंतू पसरले होते. मधल्या एका ठिपक्याभोवती, म्हणजे चोपणातल्या जिवाणूभोवती मात्र स्वच्छ रिंगण होतं, तिथं एकही जंतू फिरकला नव्हता.

"याचं औषध व्हायला पुष्कळ वर्षं लागतील. कदाचित होणारही नाही. पण असा जिवाणू मला आजवर सापडला नव्हता," ताई म्हणाल्या. त्यांनी पुढचा फोटो दाखवला. "बाटलीवर त्याचं नाव लिहिलंय, 'शांताक्का'."

"माजं नाव? अवो, म्याच तर सगळं बिघडवलं हुतं!"

"तुम्ही सडा घातला नसता, तर मी वरवरची माती घेऊन परत गेले असते. वरच्या मातीत तो नाहीच, अक्का. मी नंतर तपासलं."

शांताक्कांनी पदर तोंडाला लावला. महांतप्पांनी ते नाव त्यांना दोनदा वाचून दाखवलं.

माझं नाव कुठंच नाही, मित्रांनो. मला वाईट वाटत नाही. बरं, थोडं वाटतं. म्हणून एवढंच मागते. घरातल्या अवजारांची माती पुसत जा, त्यांच्यावर तेलाचा हात फिरवत जा. आणि एखाद्या जमिनीला टाकाऊ म्हणण्याआधी हातभर खाली बघा. कुदळ हरली तर मला हाक मारा.